घराचा हप्ता आणि घरातले सुख



आपल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत घरांचे रूप आता पालटले आहे. कौलारू घरांच्या जागी स्लॅबची घरे उभी राहिली. नारायणगाव, मंचर, ओतूर, घोडेगाव येथे इमारती झाल्या. नोकरीनिमित्त बाहेर पडलेल्या मुलामुलींनी चाकण, भोसरी किंवा पुण्यात फ्लॅट घेतले. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु यांतल्या बहुतेक घरांच्या मागे गृहकर्ज आहे आणि दर महिन्याला ठरलेल्या तारखेला खात्यातून हप्ता जातो. घर आपले, पण त्याचे कागद बँकेच्या कपाटात, अशी वीस-वीस वर्षे जातात.

लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला देतो. कामाला हात घालण्यापूर्वी माणसाने बसून खर्चाचा हिशेब करावा, हा त्यातला विचार आपण पुष्कळदा ऐकला आहे. आपणही घर बांधण्यापूर्वी हिशेब करतो. मात्र कर्ज मंजूर झाले की वही मिटून ठेवतो. ती वही पुन्हा उघडावी आणि दोन प्रश्नांचा एकत्र विचार करावा, यासाठी आजचा हा पाठ आहे. घराचे कर्ज मुदतीआधी कसे फेडता येईल? आणि ते फेडत असताना घरातला आनंद कसा राखता येईल?

हप्त्याच्या पोटात काय असते?

समजा, एका कुटुंबाने १० लाख रुपयांचे कर्ज वीस वर्षांसाठी ९ टक्के व्याजाने घेतले. त्याचा मासिक हप्ता सुमारे ८,९९७ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातले ७,५०० रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फिटते केवळ १,४९७ रुपये. वर्षभरात हे कुटुंब जवळजवळ १ लाख ८ हजार रुपये भरते, पण कर्ज कमी होते १८,७०० रुपयांच्या आसपास. पाच वर्षे नियमाने हप्ते भरल्यावरही ८ लाख ८७ हजार रुपये देणे उरलेले असते. निम्मे कर्ज फिटायला चौदा वर्षे लागतात. वीस वर्षांच्या शेवटी या कुटुंबाने एकूण सुमारे २१ लाख ५९ हजार रुपये भरलेले असतात. म्हणजे व्याजच ११ लाख ५९ हजार, मुद्दलापेक्षाही जास्त.

यात कोणी फसवले असे नाही. व्याज नेहमी शिल्लक मुद्दलावर लागते आणि सुरुवातीला मुद्दल मोठे असते, म्हणून व्याजही मोठे असते. पण याच हिशेबात आपल्या फायद्याची गोष्टही दडलेली आहे. जो जादा रुपया आपण सुरुवातीच्या वर्षांत मुद्दलात भरतो, त्यावरचे पुढच्या सर्व वर्षांचे व्याज वाचते.

वर सांगितलेल्या कुटुंबाने पहिल्या वर्षाच्या शेवटी एकदाच २५,००० रुपये जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे सुमारे चौदा हप्ते कमी होतात आणि एक लाखाहून अधिक व्याज वाचते. तेच २५,००० रुपये पंधरा वर्षांनी भरले तर वाचतात जेमतेम १३-१४ हजार. दरमहा १,००० रुपये पहिल्यापासून जादा भरले, तर कर्ज वीसऐवजी साडेपंधरा वर्षांत फिटते आणि सुमारे ३ लाख रुपये वाचतात. महिन्याला हजार जमत नसतील, पण वर्षातून एक हप्ता जादा भरता येत असेल, तरी सुमारे साडेतीन वर्षे कमी होतात. म्हणजे लवकर फेडण्यासाठी मोठी रक्कम लागतेच असे नाही. लहान रक्कम, लवकर आणि न चुकता, एवढे पुरते.

नियम आपल्या बाजूने आहेत

पूर्वी मुदतीआधी कर्ज फेडणाऱ्याकडून काही बँका दंड घेत असत. जून २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर असा दंड घेण्यास बँकांना मनाई केली. पुढे २ जुलै २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने नवे निर्देश काढले. त्यानुसार १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या, व्यक्तींच्या घरगुती गरजेच्या बदलत्या दराच्या कर्जांवर सहकारी बँका आणि वित्त कंपन्यांनाही असा आकार लावता येत नाही. मात्र स्थिर व्याजदराचे कर्ज असेल, तर करारातील अट वाचावी. पतसंस्था राज्याच्या सहकार खात्याखाली येतात, म्हणून त्यांच्याकडून घेतलेल्या कर्जाची अट त्यांच्याच कार्यालयात लेखी विचारून घ्यावी.

आणखी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. जादा रक्कम भरताना बँकेला लेखी अर्ज द्यावा: "ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवावा आणि मुदत कमी करावी." हप्ता कमी करून घेतला तर महिन्याचा भार थोडा हलका होतो, पण व्याजातली खरी बचत मुदत कमी केल्याने होते. अर्जाची पोच घ्यावी आणि परतफेडीचे नवे वेळापत्रक मागून घ्यावे.

व्याजदर बदलतो तेव्हाही असेच सावध राहावे. मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. त्या काळात अनेकांचा हप्ता तोच राहिला, पण मुदत मात्र वाढत गेली, आणि पुष्कळांना ते उशिरा कळले. त्यानंतर १८ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने सांगितले की, दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे करायचे, हे निवडण्याची संधी कर्जदाराला दिली पाहिजे. झेपत असेल तर हप्ता वाढवून मुदत राखावी. २०२५ मध्ये दर उतरू लागले. अशा वेळी हप्ता पूर्वीइतकाच ठेवावा. वेगळा पैसा न उभारता कर्ज लवकर फिटते.

"कर वाचतो, मग कर्ज राहू दे," असेही काही जण म्हणतात. राहत्या घराच्या व्याजाची वर्षाला २ लाखांपर्यंतची वजावट जुन्या करपद्धतीत मिळते, नव्या पद्धतीत मिळत नाही. जुन्या पद्धतीत असलो तरी शंभर रुपये व्याज देऊन वीस-तीस रुपये कर वाचवणे हा काही फायद्याचा व्यवहार नव्हे. आणि ज्यांचे उत्पन्न शेतीचेच आहे, त्यांना तर कराचा हा प्रश्नच नाही.

जादा पैसा कुठून आणायचा?

नोकरदाराला दिवाळीचा बोनस असतो, महागाई भत्त्याचा फरक असतो. शेतकऱ्याचा पैसा मात्र महिन्याला येत नाही, हंगामाला येतो. कारखान्याचे उसाचे बिल, द्राक्षांचे पैसे, मंचरच्या बाजारातली कांद्याची पट्टी, नारायणगावच्या टोमॅटोची पट्टी, पश्चिमेकडच्या डोंगरी गावांत हिरड्याचे चार पैसे, अशी आपली आवक असते.

जुलै २०२३ आठवून पाहा. नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या टोमॅटोच्या क्रेटला दोन हजार रुपयांच्या वर भाव गेला होता. देशभरच्या वर्तमानपत्रांत जुन्नर तालुक्याचे नाव झळकले. त्याच वर्षी सप्टेंबरपर्यंत भाव इतके कोसळले की तोडणीची मजुरी निघेना. ज्या घरी जुलैच्या पट्टीतून थोडी रक्कम कर्जात भरली गेली, त्यांच्या पदरात त्या भावाचे काहीतरी कायमचे राहिले. जिथे सगळी रक्कम नव्या गाडीच्या आगाऊ रकमेत गेली, तिथे भाव पडल्यावरही गाडीचा हप्ता सुरूच राहिला.

म्हणून हंगामाचा पैसा हाती येताच त्याचे तीन वाटे करावेत. पहिला वाटा पुढच्या पिकाचा आणि घरखर्चाचा. दुसरा अडीअडचणीचा. तिसरा घराच्या कर्जाचा. कोणता वाटा किती, हे ज्याने त्याने आपल्या घराकडे पाहून ठरवावे. पण पैसा येण्यापूर्वी ठरवावे. तो आल्यावर गरजा आपोआप वाढतात, हा सर्वांचा अनुभव आहे.

आधी काय, मग काय?

लवकर कर्ज फेडण्याच्या उत्साहात एक धोका असतो. एखादे कुटुंब गाठीला असलेली सारी रक्कम कर्जात भरते. बँकेत भरलेले पैसे सहसा परत मागता येत नाहीत. तीन महिन्यांनी घरात कोणी आजारी पडते, मग हात सावकाराकडे पसरावा लागतो. शेकडा तीन रुपये महिना म्हणजे वर्षाला ३६ टक्के. नऊ टक्क्यांचे कर्ज कमी करण्याच्या नादात छत्तीस टक्क्यांचे कर्ज घरात येते. हे टाळायचे असेल तर क्रम पाळला पाहिजे.

सर्वप्रथम तीन ते सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम बँकेत किंवा पोस्टात वेगळी ठेवावी. तिला हात लावायचा तो केवळ संकटात. त्यानंतर महाग कर्जे फेडावीत: हातउसने व्याजी पैसे, क्रेडिट कार्डाची थकबाकी, सोनेतारण, वैयक्तिक कर्ज. पीक कर्ज मात्र वेळेवर फेडून वेळेवर नव्याने घ्यावे. तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला मुदतीत फेडल्यास व्याजात सवलत मिळते, ती गृहकर्जापायी बुडवू नये. कमावत्या माणसाचा साधा मुदतीचा विमा आणि कुटुंबाचा आरोग्य विमा असावा, म्हणजे काही बरेवाईट झाले तरी घर विकण्याची पाळी येणार नाही. मुलांच्या शिक्षणाची फी थांबवून कर्ज फेडू नये. एवढे झाल्यावर जे उरेल, ते गृहकर्जात भरावे.

आणि कोणी विनापरवाना सावकारी करून जमीन किंवा घर बळकावत असेल, तर गप्प बसू नये. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार सहकारी संस्थांच्या तालुका पातळीवरील निबंधक कार्यालयात तक्रार करता येते.

साधे घर, सुखी घर

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. कर्ज लवकर फेडायचे म्हणजे पोटाला चिमटा काढायचा, असे पुष्कळांना वाटते. काही घरांत तसे घडतेही. आणि तो चिमटा बहुतेक वेळा कोणाच्या पोटाला बसतो, हे पाहिले पाहिजे. आईचा चष्मा लांबणीवर पडतो. आजोबांच्या गोळ्या एक दिवसाआड होतात. सहलीच्या पैशांसाठी मुलगी तोंड उघडत नाही. वडील जादा पाळ्या करतात आणि ज्या घरासाठी राबतात, त्या घरात केवळ झोपायला येतात. अशा रीतीने कर्ज पाच वर्षे आधी फिटले, तरी त्या घराने त्याची फार मोठी किंमत मोजलेली असते. काटकसर ही सर्वांनी मिळून करायची गोष्ट आहे. ती एकट्या गृहिणीच्या ताटातून काढायची नव्हे.

काटकसर आणि कंजूषपणा यांत फरक आहे. कंजूष माणूस गरजेचे टाळतो. काटकसरी माणूस देखाव्याचे टाळतो. शेजाऱ्याने पीओपीचे छत केले म्हणून आपणही करावे, जुना फोन चालत असताना हप्त्यावर नवा घ्यावा, लग्नात जेवणावळीबरोबर डीजेही असावा, हा देखावा आहे. घरातल्या सुखाशी त्याचा संबंध थोडा. लग्नासाठी काढलेले कर्ज फेडत असताना नवे जोडपे भांडते, हे आपण पाहत आलो आहोत.

उलट घरातले खरे सुख बहुधा स्वस्त असते. आपल्या भागात तर त्याची वाण नाही. चुलीवरची बाजरीची भाकरी, ठेचा, आणि सणावाराला मासवडीचा बेत. मासवडी करायला घरातल्या दोघीतिघी लागतात, आणि गप्पा आपोआप होतात. थंडीत शेतावरचा हुरडा. परसात एक शेवगा, एक कढीपत्ता, चार वांग्याची रोपे. भाजीचा थोडा खर्च वाचतो आणि मुलांना मातीत हात घालायला मिळतात. पावसाळ्यात डबा बांधून नाणेघाटाकडे किंवा डिंभे धरणाच्या बाजूला जावे, हिवाळ्यात शिवनेरी चढावा. एसटीचे तिकीट आणि दशम्या, एवढाच खर्च. संध्याकाळी टीव्ही बंद करून सगळ्यांनी एकत्र प्रार्थना करावी, एकत्र जेवावे, दिवसभरात काय झाले ते एकमेकांना सांगावे. ज्या घरासाठी हप्ता भरतो, त्या घराच्या ओसरीवर रोज अर्धा तास बसायला मिळत नसेल, तर ते घर कोणासाठी घेतले?

मुलांपासून कर्ज लपवू नये. दहा-बारा वर्षांच्या मुलाला शिल्लक मुद्दलाचा आकडा समजतो. काही घरांत कपाटाच्या आतल्या बाजूला कागद लावून दर सहा महिन्यांनी नवा आकडा लिहितात. कर्ज दहा लाखांवरून नऊ लाखांवर आले की त्या दिवशी घरी गोड करतात. मुलांना त्यातून दोन गोष्टी शिकायला मिळतात: पैसा कष्टाने येतो, आणि ठरवून वागले की ओझे हलके होते. पुढे ती स्वतः कर्ज घेतील तेव्हा विचार करून घेतील.

कागद हाती येईपर्यंत

कर्जाच्या कागदाची किंमत आपल्या पुणे जिल्ह्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरला. लोकांचा रोख मुख्यतः कर्जरोखे आणि गहाणखते हस्तगत करून नष्ट करण्यावर होता. व्याजावर व्याज चढत होते, भरलेल्या पैशाची पावती मिळत नव्हती आणि हिशेब सावकाराच्याच वहीत होता. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांना लागू झाला. कर्जाचा मूळ व्यवहार तपासण्याचा आणि हप्ते बांधून देण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. वसईत १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी कॅथोलिक लोकांसाठी सहकारी पतसंस्था उभी केली. तीच पुढे बसीन कॅथोलिक बँक म्हणून वाढली. रास्त व्याज आणि चोख हिशेब मिळावा, यासाठी आपल्या आधीच्या पिढ्यांनी एवढे कष्ट घेतले. आज हिशेब मागण्याचा हक्क आपल्याजवळ आहे आणि आपण तो वापरत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

म्हणून शेवटचा हप्ता भरला की काम संपले असे समजू नये. बँकेकडून बेबाकी दाखला घ्यावा. घराचे मूळ दस्तऐवज परत घेऊन, यादीप्रमाणे एकेक पान तपासावे. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या आदेशानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ कागद परत करणे आणि नोंदवलेला बोजा उठवणे बँकांना बंधनकारक आहे. त्यांच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला मिळते. सातबाऱ्यावर, प्रॉपर्टी कार्डावर किंवा ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर बोजा चढलेला असेल, तर तो कमी झाल्याचा नवा उतारा काढून घ्यावा. हे राहून गेले तर वीस वर्षांनी वाटणीच्या किंवा विक्रीच्या वेळी मुलांना खेटे घालावे लागतात.

या आठवड्यात घरी करावयाचे काम

१. घरातल्या सर्वांनी एकत्र बसून गृहकर्जाचा उतारा पाहावा. शिल्लक मुद्दल, व्याजदर आणि उरलेले महिने, हे तीन आकडे वहीत लिहावेत.

२. इतर सर्व कर्जे व्याजदराच्या क्रमाने लिहावीत. सर्वांत महाग कर्ज सर्वांत वर.

३. अडीअडचणीसाठी किती रक्कम वेगळी आहे, हे पाहावे. नसेल तर पहिले काम तेच.

४. दरमहा, किंवा हंगामाला, किती जादा भरता येईल ते ठरवावे. पाचशे रुपये असले तरी चालतील.

५. घरातल्या प्रत्येकाने एक खर्च सांगावा जो टाळता येईल, आणि एक खर्च सांगावा जो टाळू नये. दुसऱ्या यादीला पहिल्या यादीइतकाच मान द्यावा.

कर्ज फिटेल त्या दिवशी घर कागदोपत्री आपले होईल. पण ते खऱ्या अर्थाने आपले होण्यासाठी त्या दिवसाची वाट पाहण्याचे कारण नाही. आजच्या संध्याकाळीही त्या घरात सर्वांनी मिळून जेवता येते. हप्त्याची चिंता वहीत लिहून ठेवावी, वेळच्या वेळी भरत राहावे आणि उरलेला वेळ घरच्या माणसांना द्यावा.